थकलेल्या माणसांच्या जपानी गोष्टी आपल्याला का ओढतात?

रानजाई

गेल्या काही वर्षांत इंग्रजी अनुवादातून जपानी कादंबऱ्यांचा पूर आलाय. त्यातल्या मांजरं आणि कॉफीवाल्या, मनाला ऊब देणाऱ्या हलक्याफुलक्या पुस्तकांबद्दल हा धागा नाही (त्यांच्यावरून पुढे भांडण होईलच, माहीत आहे). मला बोलायचंय ते नोकरीवरच्या कादंबऱ्यांबद्दल. सायाका मुराताची 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन', हिरोको ओयामादाची 'द फॅक्टरी', एमी यागीची 'डायरी ऑफ अ व्हॉइड' आणि माझी सगळ्यात लाडकी, किकुको त्सुमुराची 'देअर्ज नो सच थिंग ॲज ॲन ईझी जॉब'. नाव लांबलचक आहे, म्हणून यापुढे नुसतं 'ईझी जॉब' लिहिते.

'ईझी जॉब'ची नायिका छत्तीस वर्षांची आहे. एकाच क्षेत्रात चौदा वर्षं काम करून पार पिळून निघाल्यावर नोकरी सोडून आईवडिलांकडे परत आलीय. नोकरी शोधून देणाऱ्या मासाकादो बाईंना ती सांगते, मला घराजवळचं काम द्या. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि प्रसाधनांसाठी कोलाजेन काढलं जातंय त्यावर नजर ठेवायची, असलं काहीतरी. मग एकामागोमाग पाच नोकऱ्या येतात. एका लेखकाच्या घरात लपवलेल्या कॅमेऱ्यांचं चित्रण बघत बसणं, बसमध्ये वाजणाऱ्या जाहिरातींचा मजकूर लिहिणं, तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांच्या वेष्टनामागे छापायची माहिती लिहिणं, घरोघर जाऊन भित्तिपत्रकं लावणं, आणि शेवटी एका अवाढव्य उद्यानातल्या झोपडीत बसणं.

पाचही कामं वरवर बिनडोक्याची. पण बाईला अंग राखून काम करणं जमतच नाही! बिस्किटाच्या वेष्टनामागे काय छापावं याचा ती रात्री जेवताना विचार करते. लोकांना मजकूर आवडायला लागतो, मग अपेक्षा वाढतात, आणि तिची झोप उडते. ते प्रकरण वाचताना माझ्या पोटात गोळा आला. ती कामाला कंटाळलेली नाही. कामावर जीव लावायची तिची खोड मोडत नाही आणि तीच तिला पुन्हापुन्हा खाते.

नोकरी दाखवणाऱ्या बऱ्याच कथाकादंबऱ्यांत ऑफिस म्हणजे मागचा पडदा असतो आणि त्याच्यापुढे प्रेम, खून नाहीतर राजकारण चालू असतं. या बायकांच्या पुस्तकांत काम हीच गोष्ट असते. वेष्टनावर चार ओळी कशा बसवायच्या हाच संघर्ष. मला त्यात फार मोठा आदर दिसतो, काम करणाऱ्या माणसाबद्दलचा.

तुम्ही यातलं काय वाचलंय? आवडलं का? आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री पुन्हा कामाचीच गोष्ट का वाचावीशी वाटत असेल?

ऋतुपर्ण_७

वाखुसा (वाचनखूण साठवली). सविस्तर नंतर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे :)

७_२२ची_बदलापूर

रानजाई, धागा छान आहे, पण मी दुसऱ्या बाजूचा. लोकलमध्ये दीड तास जायला, दीड तास यायला. मध्ये नऊ तास बिलांची तपासणी. परतीच्या गाडीत मला पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसात नेऊन बसवू नका. मला खून पाहिजे, खजिना पाहिजे, गेलाबाजार भूत तरी पाहिजे.

मित्राच्या आग्रहावरून 'द फॅक्टरी' सुरू केलं होतं. एक बाई दिवसभर श्रेडरमध्ये, म्हणजे कागद कातरणाऱ्या यंत्रात, कागद घालते. पन्नास पानं झाली तरी कागदच घालतेय. बंद केलं.

मीनाक्षी_स

बदलापूर, खून पाहिजे ना? मग नात्सुओ किरिनोची 'आऊट' वाचा. १९९७ ची आहे. टोकियोच्या बाहेरच्या एका कारखान्यात रात्रपाळीला जेवणाचे डबे भरणाऱ्या चार बायका. त्यातली एक नवऱ्याचा जीव घेते आणि बाकीच्या तिला मदत करतात. खून आहे, रक्त आहे, प्रेताची विल्हेवाट आहे. पण मला त्यातलं सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं सांगू? कारखान्याचा पट्टा. कामावर चढण्याआधी कपड्यांवरची धूळ काढणं, हात घासणं, मग पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या डब्यात एकीने भात टाकायचा, दुसरीने तो थापून सपाट करायचा, तिसरीने वर आमटी ओतायची. कुणाला कुठली जागा मिळते यावर कंबर किती दुखणार ते ठरतं, म्हणून त्या जागेसाठी चढाओढ. रात्री बारापासून पहाटेपर्यंत थंड काँक्रीटवर उभं राहायचं.

खून करणं या बायकांना जड जातं, पण प्रेताची विल्हेवाट त्या कामासारखी उरकतात, कारण राबायची सवय त्यांच्या हाडात आहे. किरिनोने हे इतकं सरळ मांडलंय की अंगावर काटा येतो.

७_२२ची_बदलापूर

मीनाक्षीताई, घेतो. आजच शोधतो.

ओसाकेकर

बरीच वर्षं जपानात आहे, पुण्यात जपानी शिकून इकडे आलेल्यांपैकी एक. थोडी पार्श्वभूमी देतो, कारण तिच्याशिवाय ही पुस्तकं नुसती 'विचित्र जपानी' वाटतात.

तुम्ही नावं घेतलेल्या लेखिकांची जन्मवर्षं बघा. त्सुमुरा १९७८, मुराता १९७९, ओयामादा १९८३. नव्वदीच्या सुरुवातीला जमिनींच्या आणि शेअरांच्या किमती कोसळल्या, कंपन्यांनी नवी भरती आखडली. साधारण १९९३ ते २००५ या काळात जे शिकून बाहेर पडले त्यांना इथे नोकऱ्यांच्या हिमयुगातली पिढी म्हणतात. जपानात मोठ्या कंपन्यांची भरती पदवीच्या वर्षीच होते. ती गाडी चुकली की कायम नोकरीत शिरणं फार अवघड. मग कंत्राटी, अर्धवेळ, एजन्सीमार्फत. आधी कारखान्यांत एजन्सीचे कामगार लावायला बंदी होती, २००४ मध्ये ती उठली. आज इथले तिनातला एक नोकरदार तरी कायम नोकरीत नाही.

त्याआधीच्या नोकरदाराच्या कादंबऱ्या वेगळ्या होत्या. पन्नासच्या दशकात गेन्जी केइता वगैरेंनी लिहिलेल्या गोष्टींत साहेब, बढती, दारू, हेवेदावे आणि शेवटी गोड. कंपनी म्हणजे कुटुंब, कटकट असली तरी आपलं. त्सुमुरा-ओयामादाच्या पात्रांना कंपनीने कुटुंबात घेतलेलंच नाही. 'द फॅक्टरी'तली योशिको कायम नोकरीसाठी अर्ज करते आणि तिला कंत्राटी श्रेडरचं काम देतात. ओयामादाने स्वतः हिरोशिमात एका मोटार कंपनीच्या उपकंपनीत कंत्राटी काम केलं होतं. त्सुमुराला पहिल्या नोकरीत वरिष्ठांनी इतकं छळलं की वर्षाच्या आत तिला बाहेर पडावं लागलं. मुराता तर अकुतागावा हे इथलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालं तेव्हाही (२०१६) दुकानात अर्धवेळ काम करत होती. या बायका माहिती गोळा करून लिहीत नाहीत, उभं राहून पाय दुखल्यावर लिहितात.

ग्रंथपाल_नाशिक

ओसाकेकर, फार उपयोगी प्रतिसाद. पण ही परंपरा २००४ पासून सुरू होत नाही, हे नोंदवणं मला गरजेचं वाटतं.

ताकिजी कोबायाशीची 'कानिकोसेन', १९२९. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कामचात्काजवळच्या समुद्रात खेकडे पकडून जहाजावरच डबाबंद करणाऱ्या बोटीची गोष्ट. कारखान्याचे कायदे लागू नाहीत कारण ती बोट; जहाजाचे नियम लागू नाहीत कारण तो कारखाना. मुकादम आसाकावा माणसांना मारतो, आजाऱ्यांना कामाला जुंपतो, बुडणाऱ्या दुसऱ्या बोटीच्या मदतीला जाऊ देत नाही. कादंबरीला एक नायक नाही. खलाशी, विद्यार्थी, शेतमजूर असा अख्खा जमाव नायक आहे. शेवटी ते संप करतात, फसतो, पुन्हा करतात. कोबायाशीला २० फेब्रुवारी १९३३ रोजी पोलिसांनी पकडलं आणि त्याच दिवशी कोठडीत छळ करून मारलं. तो अवघा २९ वर्षांचा होता.

आता गंमत पुढे आहे. जवळजवळ ऐंशी वर्षांनी, २००८ मध्ये, हे पुस्तक जपानात अचानक पाच लाखांवर खपलं. घेणारे कोण? ओसाकेकरांनी सांगितलेली ती कंत्राटी पिढी. त्यांना खेकड्यांच्या बोटीत स्वतःची एजन्सी दिसली. म्हणून रानजाई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: थकलेला माणूस कामाची गोष्ट वाचतो ते आपल्या थकव्याला कुणीतरी जबाबदार आहे, हे कळावं म्हणून. कोबायाशी नाव घेऊन सांगतो कोण जबाबदार. तुमच्या आजच्या लेखिका मात्र सांगत नाहीत, आणि ती मला त्यांची उणीव वाटते. संघर्ष कुठे आहे? संघटना कुठे आहे? एकेकटी बाई, एकेकटं दुःख.

रानजाई

ग्रंथपाल, 'कानिकोसेन' वाचलेली नाही, यादीत घातली.

पण उणीव? मला पटत नाही. योशिको श्रेडरपाशी एकटी आहे कारण तिला एकटीला नेमलंय, एकटीच्या कंत्राटावर, तळघरात. शेजारी कोण बसतं हेही धड माहीत होऊ नये अशी ती रचना आहे. तिथे संप दाखवला असता तर खोटं झालं असतं. 'द फॅक्टरी'त एक शेवाळाचा अभ्यासक आहे, फुरुफुए. कारखान्याच्या छतांवर शेवाळ लावायला त्याला नेमतात. मुदत नाही, वरिष्ठ नाही, हाताखाली माणूस नाही, विचारायला गेलं तर सगळे गोड हसतात, सावकाश होऊ द्या म्हणतात. पगार चोख. वर्षं निघून जातात. मारणारा मुकादम नाही, म्हणून भांडायचं तरी कुणाशी? तो प्रश्न ओयामादाने पकडलाय. तिच्या लिहिण्यात परिच्छेद मोडत नाहीत, बोलणारा मध्येच बदलतो, काळ उलटसुलट होतो. वाचणाऱ्यालाही कळेनासं होतं की आपण इथे किती वर्षं आहोत.

चिन्मय_कॉलेजवाला

मोठ्यांच्या धाग्यात घुसतोय. कुणी 'झॉम १००' बघितलंय का? आधी मांगा (जपानी चित्रकथा), मग २०२३ ला ॲनिमे (ॲनिमेशन मालिका) आली. अकिरा तेंदो नावाचा पोरगा तीन वर्षं एका भयंकर कंपनीत राबतोय. एक दिवस शहरभर झोंबी होतात. तो रक्तबंबाळ गल्लीतून धावताना त्याच्या लक्षात येतं, आज ऑफिसला जायचं नाही! आणि काळंपांढरं चित्र एकदम रंगीत होतं. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

'अग्रेत्सुको' पण भारी. लेखा विभागातली गरीब लाल पांडा, साहेब डुक्कर आहे (खरोखर डुक्करच), आणि संध्याकाळी ती कराओकेच्या खोलीत डेथ मेटल गाते. गोंडस कार्टूनं बनवणाऱ्या सानरिओनेच काढलीय.

७_२२ची_बदलापूर

चिन्मय, बाळा, नोकरी लागल्यावर पुन्हा बघ. तेव्हा टाळ्यांबरोबर डोळ्यांत पाणी येईल.

मीनाक्षी_स

चिन्मय, घुसतोय काय, हक्काने लिही.

मला 'डायरी ऑफ अ व्हॉइड'वर लिहायचंय. शिबाता नावाची बाई पुठ्ठ्याच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत आहे. विभागात एकटी बाई. त्यामुळे टपाल वाटणं, प्रिंटरची शाई बदलणं, पाहुण्यांना कॉफी देणं आणि नंतर कप उचलणं, हे सगळं न सांगता तिच्याकडे. एक दिवस तळाशी सिगारेटची थोटकं बुडालेले कप तसेच पडलेत, कुणी हलत नाही, आणि ती म्हणते, मला जमणार नाही, मी गरोदर आहे, कॉफीच्या वासाने मळमळतं. धादांत खोटं. त्या क्षणापासून एक पुरुष सहकारी कॉफी करायला शिकतो.

मग ती वेळेवर घरी जायला लागते. उजेडी सुपरमार्केटात जाते तर भाज्या ताज्या मिळतात! रोज उशिरा सुटणाऱ्या बाईला इतकी वर्षं सुकलेल्या भाज्याच मिळत होत्या. प्रकरणांना गरोदरपणाच्या आठवड्यांची नावं आहेत. ती आठवड्याआठवड्याने पोट वाढवते, गरोदर बायकांच्या व्यायामाला जाते, आणि आपल्यालाही वाटायला लागतं की पोटात कुणी आहे.

जपानात नोकरीतल्या समान संधीचा कायदा १९८५ ला झाला. यागीची कादंबरी २०२० ची आहे. पस्तीस वर्षांनी कप उचलायला कोण? ग्रंथपालकाका, तुम्ही विचारलंत संघर्ष कुठे आहे. कप न उचलणं हा संघर्षच आहे. बोटीवरच्या संपाइतका मोठा दिसत नाही एवढंच. मी ज्या बँकेत होते तिथे वाढदिवसाचा केक कापून वाटायचं काम नेहमी आम्हा बायकांकडे असायचं, अगदी मी शाखेत दोन नंबरवर असतानाही.

ग्रंथपाल_नाशिक

मीनाक्षी, हा मुद्दा बिनतोड आहे. कपांबद्दल मान्य. संघटनेबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम ठेवतो.

गोदाकाठ_डॉक्टर

मानसोपचाराच्या व्यवसायात असल्याने दोन गोष्टी.

'बर्नआउट' ही कल्पना १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मांडली, ती न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात स्वतःहून राबणाऱ्या लोकांकडे बघून. म्हणजे कामचुकार माणसं नव्हेत, मनापासून काम करणारी. पुढे क्रिस्तिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं सांगितली: शक्ती संपणं, कामाबद्दल आणि माणसांबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणात याला कामाशी निगडित घटना म्हटलं, आजार म्हटलं नाही. फरक मोठा आहे. आजार म्हटला की दुरुस्ती माणसाची करायची. घटना म्हटली की कामाच्या जागेकडे बघावं लागतं.

रानजाई, तुम्ही 'ईझी जॉब'बद्दल लिहिलंत ते मला रोज समोर दिसतं. पेशंट म्हणतो, डॉक्टर, यावेळी मी साधी नोकरी धरली, डोक्याला ताप नाही. सहा महिन्यांत तो त्या साध्या नोकरीतही रात्री जागा. त्सुमुराच्या बाईला शेवटी कळतं की बिनकष्टाची नोकरी असा प्रकार नाही, कारण ती जिथे जाईल तिथे स्वतःला घेऊन जाते. मात्र लेखिका यावरून तिला उपदेश करत नाही, योगा कर म्हणत नाही. ती आधी काय काम करत होती हे पुस्तकाच्या अगदी शेवटी कळतं. रसभंग नको म्हणून सांगत नाही. पण ते वाचलं की आधीची पाचही प्रकरणं वेगळी दिसतात.

ऋतुपर्ण_७

घरी आलो. (साडेदहा वाजलेत. धाग्याला साजेसं आहे.)

मला केइकोबद्दल वाद घालायचाय. 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन'ची केइको फुरुकुरा छत्तीस वर्षांची, अठरा वर्षं त्याच दुकानात अर्धवेळ. गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे गेला की तो सिगारेट मागणार का नाणी काढणार हे तिला आवाजावरून समजतं. गरम दिवस असेल तर कुठला माल पुढे मांडायचा हे ती झोपेतही सांगेल. तिचं जेवण दुकानातलं, पाणी दुकानातलं, म्हणजे माझं शरीर दुकानाचं बनलंय, असं ती मानते. बहीण, मैत्रिणी, सगळे मागे लागतात: लग्न कर, नाहीतर नीट नोकरी धर. सगळे समीक्षक म्हणतात, बिचारी केइको, भांडवलशाहीने तिचं यंत्र केलं.

मला ती या सगळ्या धाग्यातली एकमेव सुखी नोकरदार वाटते! थकलेली नाहीच. तिला थकवतात ते बाहेरचे लोक, तिला सुधारू पाहणारे. मग हिला आपण थकव्याच्या यादीत का घालतोय?

मीनाक्षी_स

ऋतुपर्ण, अर्धं मान्य. पण पगार? अठरा वर्षांनीही ती तासावर, रजा नाही, म्हातारपणाची सोय नाही. तिच्या सुखावर दुकान फुकट जगतंय. उद्या गुडघे गेले की दुकान नवी मुलगी आणणार, पुस्तकात आठ मॅनेजर बदललेले आहेतच, केइको बदलायला किती वेळ?

ऋतुपर्ण_७

हो, ते खरं. पण तिला ते दुःख वाटत नाही आणि मुराता तिच्यावर ते लादत नाही. पुस्तकाचं मोठेपण मला तिथे दिसतं. आपण वाचणारे तिच्या मैत्रिणींसारखेच तिला सुधारायला धावतो.

रानजाई

केइकोवर मी दोघांच्या मध्ये आहे. शेवटच्या पानांत ती एका अनोळखी दुकानात शिरते आणि तिथला माल चुकीचा मांडलेला बघून तिचे हात आपोआप चालायला लागतात. तिथे मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम वाटायला लावणं सोपं नाही.

आजीची_गोधडी

मांजर-कॉफी पुस्तकांना सुरुवातीलाच बाजूला सारलंत, त्याचं वाईट वाटलं. माझ्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करत मी घरून हिशेबाची कामं करत होते. त्या काळात मला श्रेडर आणि शेवाळ झेपलं नसतं. मिचिको आओयामाचं 'व्हॉट यू आर लुकिंग फॉर इज इन द लायब्ररी' झेपलं. पाच माणसं, पाचही कामावरून अडलेली. दुकानात कपडे विकणारी मुलगी, बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर मासिकातून दुसऱ्याच विभागात ढकललेली संपादक, निवृत्त होऊन घरात काय करावं न कळणारा गृहस्थ. वाचनालयातल्या कोमाची बाई त्यांना पुस्तकांची यादी देतात, वर लोकरीची एक छोटी वस्तू. संपादक बाईचं प्रकरण वाचून मी ढसाढसा रडले. ते हलकं पुस्तक आहे म्हणून कमी दर्जाचं का?

ओसाकेकर

गोधडीताई, अजिबात नाही. इथेही गाडीत उभ्याने हीच पुस्तकं वाचणारे दिसतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं की त्यांना ती हवी आहेत.

माझी तक्रार थोडी वेगळी आहे. अशा पुस्तकांत शेवटी माणूस आपला दृष्टिकोन बदलतो आणि नोकरी सुसह्य होते. तास तेवढेच राहतात. इथे जास्त कामाने माणसं मेली आहेत, न्यायालयात खटले झाले आहेत. एका बड्या जाहिरात कंपनीतल्या चोवीस वर्षांच्या मुलीने २०१५ च्या नाताळात जीव दिला, तो पुढच्या वर्षी सरकारने कामामुळे झालेला मृत्यू म्हणून मान्य केला. त्यानंतर कायदा बदलला आणि एप्रिल २०१९ पासून जादा कामाला मर्यादा आली: महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६०. फारच घाई असेल तर महिन्याला १०० च्या आत आणि वर्षाला ७२०. हे आकडे ऐकून आमच्या घरचे म्हणाले, ही मर्यादा? खरंच प्रश्न पडतो. पण आधी तेवढीही पक्की नव्हती.

आजीची_गोधडी

तास तेवढेच राहतात, हे मनाला लागलं. तरी मी माझं पुस्तक सोडणार नाही. माझे तास कायद्याने कमी होणारे नव्हतेच, घरातल्या कामाला कुठला कायदा?

मीनाक्षी_स

+१००

जोशी_बुवा

अवांतर: बँकेचा विषय निघाला म्हणून. 'हान्झावा नाओकी' मालिका कुणी बघितली का? २०१३ ची. लेखक जून इकेइदो स्वतः बँकेत होते. साहेब स्वतःचं पाप हाताखालच्याच्या गळ्यात बांधतो, आणि हा पठ्ठ्या दुप्पट परतफेड करतो. शेवटच्या भागाला टोकियो परिसरात ४२.२ टक्के प्रेक्षक होते. मीही बँकेतला, निवृत्त. जे मला कधी बोलता आलं नाही ते हान्झावा दणकून बोलतो. आमच्या काळातल्या एका विभागीय साहेबांचा चेहरा त्या खलनायकाच्या जागी ठेवून मी सगळे भाग बघितले. रक्तदाब उतरला.

७_२२ची_बदलापूर

जोशीबुवा, ही माझ्या पसंतीची मालिका दिसतेय. सबटायटल कुठे?

ग्रंथपाल_नाशिक

मघापासून मनात घोळतंय ते विचारतो. मराठीत हे का नाही? कामगाराचं आहे. नारायण सुर्वे स्वतः गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, त्यांच्या कवितेत काम हाताला लागतं. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये १९८२ च्या संपानंतरचं गिरणगावातलं घर आहे. पण तिथे काम गेल्याचं दुःख आहे. काम असूनही माणूस संपतो, हिंजवडीत, अंधेरीत, बाणेरला, ते कुठे आहे? नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं म्हटलं, तेव्हा समाजमाध्यमांवर आठवडाभर रणकंदन झालं. त्यावर एकही कादंबरी माझ्या टेबलावर आलेली नाही.

ऋतुपर्ण_७

ग्रंथपाल, कारण लिहिणारे साडेदहाला घरी येतात.

गंभीरपणे सांगायचं तर, मला वाटतं आपल्याकडे ऑफिसच्या कामाचं वर्णन करायलाच लेखक लाजतात. एक्सेलची शीट, सॉफ्टवेअरच्या रिलीजची रात्र, क्लायंटचा कॉल हे काय साहित्य आहे, असं वाटतं. त्सुमुराला बिस्किटाच्या वेष्टनाची लाज वाटली नाही. मुराताला भाताच्या मुटक्यांची मांडणी लिहावीशी वाटली. एवढंच जरी आपण उचललं तरी खूप होईल. रिलीजच्या रात्री तीन वाजता सगळे गप्प बसून एका पडद्याकडे बघत असतात, मागवलेली बिर्याणी थंड होत असते आणि कुणीतरी हळूच म्हणतं, रोलबॅक करूया का (म्हणजे नवं काढून जुनंच परत लावूया का). मी अशा रात्री काढल्यात. ते लिहायला हवं.

चिन्मय_कॉलेजवाला

ऋतुपर्णदादा, मग लिही ना. इथेच लिही.

आजीची_गोधडी

चिन्मयला अनुमोदन. आणि बिर्याणीचं पुढे काय झालं तेही.

रानजाई

धागा कुठल्या कुठे गेला, फार बरं वाटतंय. मूळ प्रश्नावर मला ग्रंथपाल आणि डॉक्टर यांच्या उत्तरांनी विचारात पाडलंय. एक म्हणतात जबाबदार कोण ते कळावं म्हणून वाचतो, दुसरे म्हणतात थकतो तो जीव लावणाराच. मला दोन्ही एका ठिकाणी आलेलं पुस्तक हवंय. आहे का असं?

ओसाकेकर

रानजाई, आहे. त्सुमुराचीच 'पोतोसुराइमु नो फुने' ही लघुकादंबरी. जानेवारी २००९ मध्ये तिला अकुतागावा मिळालं ते याच गोष्टीसाठी. मी जपानीतून वाचली.

नागासे ही तिशीच्या उंबरठ्यावरची बाई. आधीच्या नोकरीत छळ होऊन बाहेर पडलेली, आता प्रसाधनांच्या कारखान्यात पट्ट्यावर काम करते. वर मैत्रिणीच्या कॅफेत मदत, वर म्हाताऱ्यांना संगणक शिकवणं. आपण वेळ विकतोय हा विचार डोक्यात यायला नको म्हणून ती सतत काम घेत राहते. एक दिवस कारखान्यात तिला भित्तिपत्रक दिसतं: जहाजातून जगप्रवास, किंमत १६ लाख ३० हजार येन. तिच्या लक्षात येतं की कारखान्यातला तिचा वर्षाचा पगार जवळपास बरोबर तेवढाच आहे. आपलं एक वर्ष आणि एक जगप्रवास यांची किंमत सारखी. मग ती पगाराला हात न लावता बाकीच्या कामांवर जगायचं ठरवते. पुढे वहीत खर्च मांडणं, आगगाडीचं भाडं, घरी येऊन राहिलेली मैत्रीण आणि तिची छोटी मुलगी, पाण्यात वाढणारी पोथॉसची (आपल्या मनीप्लांटची) रोपं. ही रोपं खाता आली तर किती पैसे वाचतील, याचाही ती विचार करते.

ग्रंथपाल, हिच्यातही मुकादमाला कुणी जाब विचारत नाही. पण हे पारितोषिक जाहीर झालं त्याच महिन्याच्या सुरुवातीला टोकियोच्या हिबिया उद्यानात, मंदीत काढून टाकलेल्या कंत्राटी कामगारांसाठी तंबू टाकले होते. नववर्षाच्या सुट्टीत राहायला जागा नाही म्हणून शेकडो लोक तिथे जेवायला, झोपायला आले. ज्यांनी तेव्हा नागासेची वही वाचली त्यांना ती वही काय म्हणतेय हे कुणी समजावून द्यावं लागलं नाही. १६ लाख ३० हजार हा आकडाच जाब विचारतो.

ग्रंथपाल_नाशिक

ओसाकेकर, हे मी मान्य करतो. इंग्रजीत नसेल तर तुम्हीच मराठीत करा. परवानगी, प्रकाशक हे सगळं बघायला मी मदत करतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय.

७_२२ची_बदलापूर

'आऊट' मिळालं. डब्यांच्या पट्ट्यापर्यंत आलोय, खून अजून व्हायचाय. ओसाकेकर, तो भात थापण्याचा वेग खरोखर एवढा असतो का हो? तुमच्याकडे कुणी असं काम केलेलं ओळखीचं असेल तर विचारून सांगा.